पत्ती की पाणी

लीलाबाईंनी चहापत्तीची पुडी काउंटरवर आपटली तेव्हा दुकानात चार गिऱ्हाइकं होती. चौघांनीही आपापलं सामान विसरून कान आमच्याकडे लावले.

"सुरभीबाई, हे पत्ती वापस घ्या. चहा काळा होऊन राह्यला."

"काकू, चहा काय पांढरा राह्यते?" मी हसत म्हणाले. हसण्यावारी न्यायला गेले ते चुकलंच. लीलाबाईंची एसटी स्टँडसमोर चहाची टपरी आहे आणि चहाच्या बाबतीत त्यांना थट्टा खपत नाही.

"मले चहा नोका शिकवू. दूध टाकलं का राखेच्या पाण्यावानी दिसते. ड्रायव्हर लोकं कप तसाच ठेवून जाते. एक जण मले म्हणे, बाई, भांडं घासत जा!"

मी पुडी उघडून वास घेतला, दोन दाणे जिभेवर ठेवले. पत्ती उत्तम होती. तसं मी बोलले, तर त्या म्हणाल्या, "म्हंजे माहं भांडंच खराब हाये," आणि तरातरा निघून गेल्या. पुडी तिथंच राहिली.

मला राग आला. आमचं किराणा दुकान धामणधऱ्यात माझ्या आजेसासऱ्यांपासून आहे. सासरे, म्हणजे माझे मामाजी आणि सगळ्या गावाचे भैय्याजी, तीन जातींची पत्ती आणून स्वतःच्या हातानं मिसळतात. त्यातलं प्रमाण त्यांनी माझ्या नवऱ्यालाही अजून सांगितलेलं नाही. पार सिंदीहून लोक 'भैय्याजीची पत्ती' मागत येतात. त्या पत्तीला कोणी नाव ठेवणं म्हणजे आमच्या घरात कोणाच्या चारित्र्यावर बोलण्यासारखंच.

पण त्याच आठवड्यात आणखी पुड्या परत आल्या. कोणी म्हणे रंग मिसळला, कोणी म्हणे जुनी पत्ती वाळवून भरली. मामाजींनी सगळा साठा बाजूला केला, नागपूरहून नवा माल आणला, पुन्हा मिसळला. चहा काळाच. मग गिऱ्हाइकं चौकातल्या दुसऱ्या दुकानातून पाकिटाची पत्ती नेऊ लागली, तिचाही चहा काळा होऊ लागला, आणि गावानं काय निष्कर्ष काढावा? तो दुकानदारही माल भैय्याजींकडूनच उचलतो! यावर माणसानं हसावं की डोकं आपटून घ्यावं?

मामाजी मात्र हसण्याच्या पलीकडे गेले होते. पासष्ट वर्षांचा माणूस, तराजूत कधी बोट ठेवलं नाही, आणि आता गल्लीतून जाताना ओट्यावरच्या बाया बोलता बोलता थांबायच्या. जेवताना एकदा ताटाकडे बघत म्हणाले, "बापानं नाव कमावलं, म्या ते घालवलं." सासूबाईंनी, शोभाबाईंनी, नुसतं पाणी पुढं केलं. मला त्यांच्याकडे बघवेना. त्याच दिवशी मी ठरवलं की या काळ्या चहाचा छडा लावायचाच. तशीही मला एखादी गोष्ट कळली नाही की जेवण गोड लागत नाही. नीलेश, माझा नवरा, याला नाक खुपसणं म्हणतो. म्हणू दे.

राखीला मी माहेरी, आर्वीला गेले. जाताना आमच्याच दुकानाची पुडी पिशवीत टाकली. आईनं विचारलं, "काऊन व, इथं चहा भेटत नाई का?" मी गॅसवर पातेलं चढवलं. पाणी उकळलं, पत्ती टाकली, आणि चहा असा लालचुटूक उतरला की मी पातेल्यासमोर उभी राहून टाळ्या पिटल्या. भाऊ म्हणाला, हिला सासरी चहासुद्धा देत नाहीत वाटतं.

पत्ती तीच, हात तोच. मग बदललं काय? पाणी!

मग मागच्या दीड-दोन महिन्यांतल्या कितीतरी गोष्टी एकामागून एक डोक्यात येऊ लागल्या. नळाचं पाणी येताना स्वच्छ दिसायचं, पण गुंडात, म्हणजे घागरीत, रात्रभर राहिलं की पिवळट व्हायचं. पांढऱ्या बनियनवर डाग पडत होते. पाणी थोडं तुरट लागायचं. सासूबाईंच्या पोटात जळजळ सुरू झाली होती, त्या ओवा खात होत्या. या प्रत्येकाचं गावाकडे उत्तर तयार होतं. पिवळं पाणी नव्या पाइपामुळे, डाग साबणामुळे, तुरट चव ब्लीचिंग पावडरमुळे, आणि जळजळ वयामुळे. वेगवेगळी उत्तरं मिळाली की माणूस गप्प बसतो. मीही गप्प बसले होते.

परत आल्या आल्या थर्मासभर कोरा चहा केला, आमच्या अंगणातल्या बोअरच्या पाण्याचा. ते पाणी इतकं खारट आहे की आम्ही फक्त भांडी घासायला वापरतो, पण चहाचा रंग लाल आला. मग थर्मास आणि स्टीलचे दोन पेले घेऊन थेट लीलाबाईंची टपरी गाठली.

"आता काय पाजता मले?" त्यांनी विचारलं.

"तुमाले नाई, तुमच्या पाण्याले पाजतो."

पेल्यात थोडा कोरा चहा ओतला आणि वर त्यांच्या टाकीतलं नळाचं पाणी घातलं. चहा फिका व्हायला हवा होता. तो काळा झाला. म्हणजे हळूहळू नाही, पाणी पडताक्षणी शाईसारखा निळाकाळा झाला. लीलाबाईंनी पेला हातात घेऊन उन्हात धरला, वास घेतला, मग माझ्याकडे पाहिलं.

"अरे बाप्पा! हे तर पाणीच..." त्या एवढंच म्हणाल्या. मग स्टोव्ह बंद केला, टपरीवर ताडपत्री ओढली आणि पायात चपला सरकवल्या. "चला. कुठं कुठं पाह्याचं हाये?"

मला ही बाई त्या क्षणी फार आवडली. दहा दिवस माझ्याशी बोलत नव्हती, पण गोष्ट कळून घ्यायची म्हटल्यावर गिऱ्हाईक सोडून निघाली.

आम्ही गावभर फिरलो. दोन बाया, एक थर्मास, आणि मागून लोकांचे प्रश्न. शाळेच्या हातपंपाच्या पाण्यात चहा लालच राहिला. मारुतीच्या देवळामागच्या विहिरीच्या पाण्यात लालच राहिला. नळाचं पाणी जिथं जिथं घेतलं तिथं काळा झाला. मग नळयोजनेची विहीर. ती गावाच्या खालच्या अंगाला, नाल्याजवळ आहे, आणि तिथूनच पाणी टाकीत चढतं. तिच्या पाण्यानं चहा आणखी काळा झाला. विहिरीपासून वर मैदानाकडे जाताना एक जुना हातपंप आहे, गुराखी तिथं हातपाय धुतात. त्याचं पाणी पेल्यात पडलं आणि पेल्याचा तळ दिसेनासा झाला.

"जसजसं वर जाऊन राह्यलो, तसतसं जास्ती," लीलाबाई म्हणाल्या.

वर काय होतं? वर आमचं मैदान होतं.

हे मैदान म्हणजे धामणधऱ्याचा जीव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. बाकी ठिकाणी लेकरं लाकडाचे छोटे बैल दोरीनं ओढत आणतात. आमच्याकडे तेही आहेत, पण शिवाय मोहल्ल्या-मोहल्ल्याचे मोठे लाकडी नंदी आहेत, माणसाच्या डोक्याहून उंच, खाली लोखंडी चाकं, ओढायला पंधरा-वीस गडी लागतात. अडचण एकच होती. मैदानाच्या अर्ध्या भागात मुरमाची जुनी खदान होती आणि दरवर्षी कोणता तरी नंदी तिच्या काठावर अडकायचा. एका वर्षी आमच्याच मोहल्ल्याचा नंदी शिंगांवर पडला. तेव्हापासून भैय्याजींच्या मनात एकच इच्छा होती, ती खदान बुजवायची. ते तान्हा पोळा समितीचे अध्यक्ष. नगरपंचायतीनं हात वर केले, आमदारांच्या माणसांनी मान हलवली, आणि शेवटी या उन्हाळ्यात ओमप्रकाश नावाच्या ठेकेदारानं ती फुकट भरून दिली.

आता मैदान कसं एकसारखं झालं होतं. त्या ठेकेदाराचा समितीनं शाल-श्रीफळ देऊन सत्कारही केला होता.

मी त्या नव्या मैदानाकडे बघत उभी राहिले. शोध लावण्याचा जो आनंद सकाळपासून होता, तो तिथं संपला.

ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे अश्विन सर जवळच राहतात. त्यांना बोलावलं. त्यांनी आधी आमचा प्रयोग स्वतः करून पाहिला, लहान मुलासारखा दोनदा, आणि खूश झाले. "चहात जे तुरट असतं ना, त्याला लोखंड भेटलं की शाई होते. पूर्वी शाई अशीच करत." मग त्यांचा चेहरा उतरला. "लोखंड स्वतः काही विष नाही. पण विहिरीत एकदम एवढं लोखंड येतं कुठून? कारखान्यात लोखंड तेजाबात, म्हणजे ॲसिडमध्ये, बुडवून साफ करतात, त्याचा गाळ उरतो. त्याची नीट विल्हेवाट लावायला खर्च येतो. म्हणून कोणी कोणी रिकामे खड्डे शोधतात. त्या गाळात लोखंडाशिवाय काय काय असेल, ते मी असं बघून नाही सांगू शकत. वर्ध्याला तपासायला द्यावं लागेल. पण तोवर हे पाणी कोणी तोंडात घेऊ नये."

लीलाबाई कोणाच्या तरी घरून सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन आल्या. बुजवलेल्या खदानीवर हातभर मुरूम होता. त्याखाली सब्बल मऊ मातीत गेल्यासारखी गेली, आणि बाहेर आली ती टोकाला हिरवट-तांबूस चिखल घेऊन. नाकात झोंबणारा वास आला. सरांनी तो चिखल काचेच्या बरणीत भरला आणि आम्हाला हात लावू दिला नाही.

"भैय्याजीले आता कोण सांगन?" लीलाबाईंनी विचारलं.

कोण सांगणार? मीच.

दुपारी दुकान सुनं होतं. मामाजी गादीवर बसून सुतळी गुंडाळत होते. मी समोर उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं, आर्वीच्या चहापासून सब्बलीपर्यंत. पत्ती चांगली आहे, पाणी खराब आहे, हे ऐकलं तेव्हा त्यांचा चेहरा असा खुलला की मला पुढचं बोलवेना. ते म्हणाले, "पाह्य! म्या म्हणतच होतो! आता सांगतो एकेकाले!" आणि मग मी मैदानाचं सांगितलं.

ते एकदम उसळले.

"तुले काऊन पडली होती हे खोदाखोदी? सून हाये का सीआयडी? मैदान भरलं तर गावाच्या डोळ्यात आलं. कोण म्हणते त्या मातीनं पाणी खराब झालं? पाइप सडले असतीन!"

"मामाजी, चिखल म्या सोता पाह्यला. सरांनी पाह्यला."

"सर काल आले गावात!"

मलाही राग आला. मी मोठ्यांसमोर आवाज चढवत नाही, पण त्या दिवशी चढवला. "तुमी तिथं उभे होते ना रोज? ट्रक खाली होत होते तवा काय दिसलं तुमाले?"

ते खाली बसले. हातातली सुतळी सुटून गादीवर पसरली.

"दिसलं," ते म्हणाले. "खालचा माल ओला होता. उन्हातान्हात ओला. म्या इचारलं, हे काय हाये गा? तो म्हणे कंपनीची माती हाये, भैय्याजी, एकदम भारी. वास बी आला होता. ड्रायव्हर नाकाले दुपट्टा बांधून होते. अन म्या काय केलं? त्याहिले तर्री-पोहे चारले. मले नंदी दिसत होता फक्त. सरळ चालत जाणारा नंदी."

त्यांनी खिशातून फोन काढून ओमप्रकाशला लावला आणि स्पीकर चालू केला. ठेकेदार आधी हसला, मग म्हणाला, "भैय्याजी, टेन्शन काऊन घेता? दोन टिप्पर मुरूम आणखी टाकून देतो, बात खतम. अन पाहा, बोभाटा कराल तर सगळ्यात आधी तुमीच फसाल. मले जागा कोणं दाखवली? शाल कोणं दिली? पेपरात फोटो कोणाचा आला?" फोन बंद झाला.

मी बघत होते. एका बाजूला दुकानाचं नाव होतं. ते धुऊन काढायचं तर गावाला खरं सांगावं लागणार, आणि खरं सांगितलं की त्यांचं स्वतःचं नाव जाणार. गप्प बसले तर पत्तीची बदनामी महिनाभरात लोक विसरतील. आणि गाव ते पाणी पीत राहील. मला खरोखर कळत नव्हतं ते काय करतील. माझ्या सासऱ्यांना मी इतकी वर्षं ओळखते, पण त्या क्षणी माझी खात्री नव्हती, आणि याची मला भीती वाटली.

आतून सासूबाईंनी विचारलं, "चहा ठेवू का?" बोअरच्या पाण्याचा ठेवा, असं मी ओरडून सांगितलं. मामाजी उठले. टोपी घातली, चपला पायात घातल्या.

"कुठं जाता?"

"मैदानावर. आज नंदी ओढून पाह्याचा हाये ना. सगळे तिथंच असतीन."

खरंच सगळे तिथं होते. पोळा आठवड्यावर आला होता, नव्या मैदानावर नंदी कसा चालतो ते बघायला अर्धं गाव जमलं होतं. आमच्या मोहल्ल्याचा नंदी ताजा रंगवलेला, शिंगांना झिरमिळ्या. पोरांनी दोर धरले होते आणि कोणीतरी हलगी वाजवत होतं. भैय्याजी दिसताच लोकांनी वाट करून दिली. पत्तीमुळे तोंड फिरवणारेही त्या दिवशी हसले, कारण मैदान तर त्यांनीच करून दिलं होतं. रूपराव, समितीचे म्हातारे खजिनदार, म्हणाले, "या भैय्याजी, नारळ तुमच्याच हातानं फोडा."

मामाजींनी नारळ घेतला नाही. हलगीवाल्याला हातानं थांबवलं.

"माहं ऐका. दोर सोडा. मैदानाच्या या भागावर कोणी येऊ नोका, पोरायले मांगं घ्या." त्यांचा आवाज दुकानातल्यासारखाच होता, भाव सांगतानाचा. "चहा काळा होऊन राह्यला त्यात माह्या पत्तीचा दोष नाई. दोष नळाच्या पाण्याचा हाये. अन ते पाणी म्या नासवलं."

लोकांना आधी वाटलं म्हातारा थट्टा करतोय. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. ओला माल, वास, नाकाला दुपट्टे, तर्री-पोहे, काहीच सोडलं नाही. ओमप्रकाशचं नाव घेतलं, पण त्याच्याआड लपले नाहीत. अश्विन सर मध्ये दोन शब्द बोलले. नळाचा पंप बंद करायला कोणीतरी धावत गेलं. पोरांच्या हातातून दोर केव्हाच गळले होते.

रूपराव मात्र जागेवरून हलले नव्हते. नारळ अजून त्यांच्याच हातात होता.

"भैय्याजी," ते म्हणाले, "माही सून पोटुशी हाये. दोन महिने झाले, हेच पाणी पेऊन राह्यली. डॉक्टर म्हणे भरपूर पाणी पेत जा. मले एवढं सांगा, आता तिले काय होईन?"

त्यांच्या बोलण्यात राग असता तर सोपं गेलं असतं. राग नव्हता, ते खरंच विचारत होते. सरांनी मान खाली घातली. लीलाबाईंनी माझा हात धरला, आणि मला रडू आलं. सासऱ्यांचं नाव वाचवायला मी हे सगळं शोधून काढलं होतं, आणि आता असं वाटत होतं की कशाचंही नाव राहू नये, फक्त त्या पोरीचं बाळ ठीक असावं.

"मले नाई मालूम, रूपराव," मामाजी म्हणाले. "देवाच्यान, नाई मालूम. उद्या माह्या खर्चानं तिले सावंगीच्या दवाखान्यात नेतो. पण मले मालूम नाई."

पोलीस चौकी रस्त्याच्या पलीकडेच आहे. ते तिकडे चालू लागले, आम्ही काही जण मागून गेलो. हवालदारांनी सगळं ऐकून घेतलं, खुर्ची दिली, पाण्याचा ग्लास पुढं केला आणि मग स्वतःच गडबडून तो ग्लास मागं घेतला. "ठीक आहे भैय्याजी, तक्रार तुमची. त्या ओमप्रकाशच्या विरोधात ना?"

"त्याच्या विरोधात हायेच," मामाजी म्हणाले. "पण पयलं नाव माहं लिहा."

हवालदार माझ्याकडे बघू लागले, घरातलं कोणी तरी अडवेल या आशेनं. दारात रूपराव येऊन उभे होते.

मी अडवलं नाही. "लिहा साहेब," मी म्हणाले.